बीफ नव्हे, बीन्स

आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या डाव्या हाताला एक खण आहे. घर घेतलं तेव्हा त्यात लाटणं, झारा, किसणी, सोलाणं अशी गुणी मंडळी राहायची. आता तिथे टाको बेल या मेक्सिकन धाटणीच्या अमेरिकन खाण्याच्या साखळीतल्या सॉसच्या पुड्या राहतात. माइल्ड, हॉट, फायर आणि पार तळाशी सगळ्यात जहाल डियाब्लो. आम्ही त्या मागत नाही. खिडकीतली मुलगी विचारते, "सॉस?" आपण मान हलवतो, की ती मूठ भरून पिशवीत टाकते. तिच्या मुठीला हिशेब नाही आणि डोंबिवलीच्या दीड खोलीत वाढलेल्या माझ्या हाताला फुकट आलेली वस्तू टाकवत नाही. लाटणं सध्या मायक्रोवेव्हच्या डोक्यावर झोपतं.

सासूबाई फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी आल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी चमचा शोधताना त्यांनी तो खण उघडला आणि देवाच्या फोटोपुढे उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या.

"अगं, एवढ्या चटण्या!" त्या म्हणाल्या. "आणि मग तुम्ही जेवता काय?"

आता काय सांगू? आम्ही लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, सॅन बर्नार्डिनोच्या अंगाला राहतो. इथे दर सिग्नलला एक तरी मेक्सिकन खाण्याचं दुकान आहे. सोळा वर्षांपूर्वी नवीन आलो तेव्हा बाकीच्या दुकानांत 'शाकाहारी' म्हटलं, की दोन पावांमध्ये कोबीचं भावंड ठेवून मिळायचं. टाको बेलमध्ये मात्र कुठल्याही पदार्थातलं मांस काढून घेवडा घाला म्हटलं, की घालतात. तो घेवडा चरबीत शिजवलेला नसतो. २०१५ पासून तर तिथल्या शाकाहारी पदार्थांना अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनचं प्रमाणपत्रसुद्धा आहे. परदेशात पोटाला आसरा देणाऱ्याची जात विचारू नये, म्हणून तेव्हा आम्ही ती विचारली नाही.

माझा जीव आहे मेक्सिकन पिझ्झावर. कणकेच्या दोन तळलेल्या कडक पुऱ्या, मध्ये घोटलेला घेवडा, वर लाल सॉस, चीज आणि टोमॅटोचे तुकडे. तो मेक्सिकन नाही आणि पिझ्झाही नाही. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "हा मसालापापड आहे. खाली राजमा सांडलाय." नवऱ्याला बटाट्याचा टाको लागतो. आपण सात समुद्र ओलांडून चपातीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी खातोय, हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही आणि मी ते आणून देत नाही. लेकीचा लाडका म्हणजे क्रंचरॅप: २००५ साली निघालेलं, सहा कोपऱ्यांत घडी घातलेलं प्रकरण. मोदकाच्या पाऱ्या जमत नाहीत म्हणून कुणीतरी लिफाफा चिकटवावा तसं दिसतं ते.

तर खाणं सोपं आहे. मागणं अवघड. गाडीत बसल्या बसल्या दुकानाबाहेरच्या स्पीकरच्या खोक्याशी बोलायचं असतं, आणि त्यात टाको बेल असो की आणखी कुठली साखळी, खोकं सगळीकडे सारखंच खरखरतं. त्या खरखरीतून माझ्या तोंडचं 'बीन्स' आणि 'बीफ' हे दोन शब्द जुळ्या भावांसारखे ऐकू जातात. "बीफ नको, बीन्स" असं म्हटलं की पलीकडून खात्री केली जाते, "बीन्स नको, बीफ?" मी "नो, नो" म्हणते. आता हा नकार कशाला, ते तिलाही कळत नाही आणि मलाही. मागच्या गाडीवाला हॉर्न देतो. शेवटी लेक मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर डोकं काढते, नाकातून दोन शब्द सोडते, आणि पडद्यावर अक्षरं बरोबर उमटतात. सोळा वर्षं या देशाचा कर भरून मी अजून एक शेंग धड उच्चारू शकत नाही.

एकदा अशाच एका दुकानात (कुठल्या, ते सांगणार नाही, उच्चार माझाच होता) नवऱ्यानं गाडी चालवता चालवता घास घेतला, चावला आणि थांबला. "काहीतरी वेगळं लागतंय," एवढंच म्हणाला. तो घास त्यानं गिळला की नाही, हा विषय आमच्या घरात आजवर निघालेला नाही. तेव्हापासून आम्ही पिशवी घेतली की आधी पार्किंगमध्ये थांबतो. मोबाइलचा टॉर्च लावून एकेक कागद उलगडायचा, घडी उचकटून आत बघायचं आणि मग 'पास' म्हणायचं. जकात नाक्यावर ट्रकची तपासणी इतकी कसून होत नसेल.

पण एकटे आम्हीच असे वेडे नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये टाको बेलनं मेक्सिकन पिझ्झा बंद केला. त्याच्या खोक्यांना फार पुठ्ठा लागतो, हे एक कारण त्यांनी दिलं होतं. तो परत आणा म्हणून एका भारतीय वंशाच्या तरुणानं ऑनलाइन अर्ज सुरू केला आणि त्यावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या. महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेला इथे कोरम होत नाही, हे लक्षात घ्या. मे २०२२ मध्ये पिझ्झा परत आला आणि इतका खपला की संपला. सप्टेंबरात पुन्हा आणावा लागला. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर त्या दिवशी कुणीतरी आरतीच्या ताटाचं चित्र टाकलं होतं.

एवढं सगळं सुखात चाललं असताना लेक सोळा वर्षांची झाली.

सोळाव्या वर्षी मुलांना मिसरूड फुटतं किंवा मतं फुटतात. "आई, हे ऑथेंटिक नाहीये," ती क्रंचरॅप संपवून बोटं चाटत म्हणाली. "खऱ्या मेक्सिकन टाकोत पिवळं चीज नसतं. सावर क्रीम नसतं. तो कडक, घोड्याच्या नालेसारखा टाको तर तिथे असा नसतोच. तुला कुणी 'चाय टी' म्हटलं की तू वीस मिनिटं भाषण देतेस."

हे खरं आहे. ऑफिसच्या पॉटलकला एका बाईंनी पिवळ्या पुडीतली पावडर घातलेली 'करी' आणली, तेव्हा मी गोडा मसाला, काळा मसाला आणि मालवणी मसाला यांतला फरक त्यांचं जेवण गार होईपर्यंत सांगितला होता. ज्या तोंडानं तो सांगितला त्याच तोंडानं मी शनिवारी मेक्सिकन पिझ्झा खाते.

आमच्या ऑफिसात मेक्सिकोतल्या पुएब्लाचा एक गृहस्थ आहे. गावावरून आडनाव, या आपल्या रिवाजानं मी त्याला मनात पुएब्लाकर म्हणते. दरवर्षी ५ मे आला की कँटीनमध्ये कागदी झुंबरं लागतात, सवलतीत टाको येतात आणि लोक पुएब्लाकरला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देतात. मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो. ५ मे म्हणजे १८६२ साली पुएब्लाला फ्रेंच फौजेला हरवलं तो दिवस, आणि तिकडे तो मुख्यतः पुएब्लातच साजरा होतो. पहिली दोन वर्षं तो हे समजावून सांगायचा. आता "थँक यू" म्हणतो आणि एक टाको उचलतो.

त्याला मी एकदा धीर करून विचारलं, की टाको बेलबद्दल तुमच्याकडे काय म्हणतात. तो हसला. १९९२ साली ते मेक्सिको सिटीत गेले, टिकले नाहीत. २००७ मध्ये मोंतेरेईला पुन्हा दुकान थाटलं. या वेळी अमेरिकन खाणं म्हणूनच विकायला बसले, बरोबर फ्रेंच फ्राइज ठेवले. कडक टाकोला तिथे टाको म्हणायची सोय नव्हती, म्हणून 'टाकोस्तादा' असं नवं नाव दिलं. २०१० पर्यंत गाशा गुंडाळला. "पण चोरलेलं काही नाही हं त्यात," पुएब्लाकर म्हणाला. "म्हणजे, थोडंसंच." सॅन बर्नार्डिनोत, रूट ६६ या जुन्या हमरस्त्यावर, मित्ला कॅफे नावाचं एक मेक्सिकन खानावळवजा हॉटेल १९३७ पासून आहे, अजूनही चालू आहे. त्याच्या समोर ग्लेन बेल नावाचा माणूस हॉट डॉग विकायचा. समोरच्या टाकोंना लागणारी रांग बघून तो तिथे खायला जाऊ लागला आणि टाको कसे करतात ते शिकला. १९६२ साली डाउनी गावात त्यानं स्वतःच्या नावाचं पहिलं दुकान काढलं. म्हणजे टाको बेलमधली 'बेल' ही घंटा नव्हे, आडनाव आहे. मी सोळा वर्षं घंटा समजत होते.

मी त्याला आपल्या मंचुरियनची गोष्ट सांगितली. मुंबईत १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग नावाच्या कलकत्त्याहून आलेल्या चिनी बल्लवानं ते पहिल्यांदा केलं असं मानतात, आणि मंचुरियात ते कुणाला ठाऊक नाही. डोंबिवली स्टेशनबाहेर शेझवान डोसा मिळतो, हे सिचुआनच्या माणसाला सांगायची आपली हिंमत होणार नाही. पुएब्लाकर म्हणाला, "मग तुला खरं खायला घालायलाच हवं."

इथून खरी परीक्षा सुरू झाली. तो आम्हाला ईस्ट लॉस एंजेलिसमधल्या एका खानावळीत घेऊन गेला. घरच्याच चार बायका चालवतात, भिंतीवर ग्वादालुपेची माता मेरी, कोपऱ्यात फोडणीचा धूर. सासूबाई आत शिरताच खूश. कारण समोर पाटा होता. तीन पायांचा, काळ्या दगडाचा, उतरता. 'मेताते' म्हणतात त्याला. शेजारी 'मोल्काहेते', म्हणजे आपला दगडी खल, आणि शेगडीवर 'कोमाल', म्हणजे तवा. एक मावशी हातावर पिठाचा गोळा थापत होती. टॉर्टिया तव्यावर टम्म फुगली, पापुद्रा सुटला, आणि सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की बघ, हिला येतं.

गल्ल्यावरच्या मावशीनं विचारलं, काय देऊ, मिहा? मिहा म्हणजे 'माझ्या लेकी'. पंचेचाळिसाव्या वर्षी परक्या देशात कुणी लेक म्हटलं की घसा भरून येतो. त्या भरल्या घशानंच मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: सिन कार्ने, पोर फावोर. मांसाशिवाय, कृपया.

"हो, हो," मावशी म्हणाली. "चिकन आहे."

चिकन नको. मग हॅम? नको. मग भात घ्या, लाल भात. तो कोंबडीच्या रश्शात शिजतो, हे लेकीनं शोधून काढलं. मग घेवडा तरी? इथे एक नवा शब्द आला: मांतेका. डुकराची चरबी. खऱ्या मेक्सिकन घेवड्याला ती हवी, नाहीतर तो खरा कसला! ज्या घेवड्यासाठी आम्ही सोळा वर्षं खोक्याशी भांडलो, तो नकली होता म्हणूनच आमच्या पोटात जात होता. अस्सलाच्या दारात उभं राहिल्यावर कळलं, की दाराला चरबी लावलेली आहे.

मागे रांग वाढली. मावशीच्या चेहऱ्यावर काळजी होती. हिला काय झालंय, डॉक्टरांनी सांगितलंय का? तेव्हा पुएब्लाकरच्या डोक्यात काहीतरी चमकलं. तो मावशीकडे वळून म्हणाला, "विहिलिया. यांची वर्षभर विहिलिया असते."

मावशीनं चटकन छातीवर क्रूस काढला. 'विहिलिया' म्हणजे लेंटमधला उपास. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी तिकडे मांस खात नाहीत, आणि त्या दिवसांसाठी स्वयंपाकाचा अख्खा वेगळा कप्पा आहे. मासे मात्र चालतात. रोमेरितोस नावाच्या पालेभाजीत तर सुकटीच्या वड्या घालतात, त्या आम्ही हात जोडून परत केल्या. बाकी सगळं उघडलं. 'शाकाहारी' या शब्दानं जे दार हललं नव्हतं ते 'उपास' म्हटल्यावर सताड उघडलं. सासूबाईंना तर यात नवल काही वाटलंच नाही. "मग आधीच सांगायचं ना, उपास आहे म्हणून," त्या म्हणाल्या.

काळ्यानिळ्या मक्याच्या टॉर्टियात भोपळ्याची फुलं आली. त्याला केसादिया म्हणतात. केसो म्हणजे चीज, तरी मेक्सिको सिटीत केसादियात चीज हवं असेल तर वेगळं सांगावं लागतं. पुएब्लाकर या विषयावर पाच मिनिटं तावातावानं बोलला आणि मला आपल्या पुण्या-कोल्हापूरच्या मिसळीवरच्या मारामाऱ्या आठवल्या. मग निवडुंग आला. काटे काढून, उभा चिरून, कांदा-टोमॅटोत परतलेला, भेंडीसारखा किंचित बुळबुळीत. "आमच्याकडे हा कुंपणाला असतो," सासूबाई म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

शेवटी एका वाटीत काळं काहीतरी आलं. विट्लाकोचे. मक्याच्या कणसावर वाढणारी बुरशी. तिकडे ती मोठ्या आवडीनं खातात. नवऱ्यानं वास घेतला आणि त्याचा चेहराच पडला. तो मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या रानात वाढलेला. "ही काणी आहे," तो हळूच मराठीत म्हणाला. "जोंधळ्यावर ही पडू नये म्हणून आमचे दादा पेरणीआधी बियाण्याला गंधक चोळायचे. ही दिसली की कणीस उपटून जाळायचो आम्ही." मग त्यानं एक चमचा खाल्ला. मग आणखी एक. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला ताटातली काणी गोड लागावी, हे त्याला फार लागलं असावं, कारण परतीच्या वाटेवर तो मुळीच बोलला नाही.

मला मात्र त्या टॉर्टियाचा वास अजून आठवतो. ओल्या चुन्याचा, पहिल्या पावसात भिजलेल्या भिंतीचा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी साल चोळून काढतात आणि मग दळतात. तीन हजार वर्षांहून जुनी रीत आहे ही. चुन्यामुळे मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपवाले मका घेऊन गेले आणि चुना विसरले. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना तिकडे पेलाग्रा नावाचा रोग जडला, कातडी सोलून निघू लागली. आपल्याकडे चुना पानाला लावतात, तंबाखूला लावतात आणि गिऱ्हाइकाला लावतात. धान्याला लावायचं आपल्याला सुचलं नाही.

जेवणानंतर शेजारच्या मेक्सिकन बाजारात गेलो आणि तिथे सासूबाई हरवल्या. सापडल्या त्या भाजीच्या फळीपाशी, हातात घोळीची जुडी घेऊन. 'वेर्दोलागास' अशी पाटी होती. भाजी आपली घोळच. पुढे चिकू होते. चिकू मूळचा मेक्सिकोचाच, आणि त्याचं नावसुद्धा तिकडच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आपल्याकडे आलेलं. घोलवड-डहाणूच्या लोकांना हे सांगायला हवं. गल्ल्याजवळ राजगिऱ्याच्या वड्या होत्या, गुळात बांधलेल्या, अगदी आपल्यासारख्या. त्यांना 'आलेग्रिया' म्हणतात, आनंद. "राजगिराही यांचाच का?" सासूबाईंनी विचारलं. यांचाच. मिरची? यांची. पपई? यांची. शेंगदाणे, बटाटा आणि साबुदाण्याचा कंद आणखी खालून, दक्षिण अमेरिकेतून. रताळंही तिकडचंच. एवढंच काय, दसऱ्याचा झेंडूसुद्धा मेक्सिकोचा. तिथे तो नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या दिवशी वाहतात. सासूबाई गप्प झाल्या. पंचावन्न वर्षं त्यांनी दर एकादशीला जो कडक उपास केला तो कोलंबसाच्या आधी कुणी कसा करत असेल, याचा त्या विचार करत असाव्यात. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वरीचे तांदूळ तरी आपले आहेत ना?" आहेत म्हटलं. तेवढ्यावर त्या गाडीत बसल्या.

परतफेड म्हणून पुएब्लाकरला घरी बोलावलं. तो लेंटमधला शुक्रवार होता आणि आमची एकादशी. साबुदाण्याची खिचडी, वरी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याचा पापड, राजगिऱ्याचे लाडू. सासूबाईंनी पहाटेपासून खपून केलं होतं. तो मन लावून जेवला, शेंगदाण्याच्या आमटीला तर त्यानं आपल्या गावच्या मोले नावाच्या दाट रश्शाची उपमा दिली. पण खिचडीपाशी थबकला आणि अवघडून विचारलं, "थोडी साल्सा मिळेल का?"

घरात साल्सा नव्हती. लेकीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ऑथेंटिकवाली तीच, म्हणून मी गप्प राहिले. तिनं उठून खण उघडला.

पुएब्लाकर खुर्चीवरून उठून तिथवर आला. पुड्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग माइल्ड आणि हॉट सराईतपणे बाजूला सारून त्यानं दोन फायर उचलल्या आणि दातानं फाडल्या. असं फाडणं एका दिवसात येत नाही.

"अरे, अरे, थांब!" सासूबाई ओरडल्या. "त्यात टोमॅटो आहे. उपासाला चालत नाही."

लेकीनं भाषांतर केलं. तो गोंधळला. पुडी हातात तशीच धरून त्यानं विचारलं, "टोमॅटो मांस आहे का?"

"मांस नाही रे बाळा," सासूबाई म्हणाल्या, "पण नाही चालत."

त्यानं मान डोलावली. गल्ल्यावरच्या मावशीच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी काळजी होती तीच आता त्याच्या चेहऱ्यावर होती. मग त्याच्या उपासाला टोमॅटो चालतो असा तोडगा निघाला आणि त्यानं दोन्ही पुड्या खिचडीवर पिळल्या.

निघताना सासूबाईंनी त्याला डबा भरून दिला. खाली राजगिऱ्याचे लाडू, आणि वर उरलेल्या जागेत त्या खणातल्या मूठभर पुड्या. त्यानं नको म्हटलं नाही. फक्त एकदा डबा उघडून बघितला आणि विचारलं, डियाब्लो आहे का.